यादवी युद्धकालीन टोकने

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) मोडीची (सुट्या पैशांची) टंचाई पडली तेव्हा, मुख्यतः उत्तरेकडील राज्यांत, दुकानदारांनी खाजगी टाकसाळींतून पाडून घेतलेल्या आणि एका सेंटला चालवलेल्या धातूच्या चकत्या. बहुतेक तांब्याच्या, आकार सरकारी सेंटएवढाच, सुमारे १९ मिमी.

डिसेंबर १८६१ च्या अखेरीस बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले. लोकांनी आधी सोने, मग चांदी दडवली आणि १८६२ च्या उन्हाळ्यात तांबे-निकेलचा सेंटही बाजारातून नाहीसा झाला. टपाल तिकिटे मोड म्हणून फिरू लागली, पण खिशात ती एकमेकांना चिकटत. जॉन गॉल्ट याने तिकीट पितळी चकतीत बसवून वर अभ्रकाचे झाकण दिले. टोकने मात्र त्याहून सुटसुटीत निघाली. सिनसिनाटीत १८६२ मध्ये सुरू झालेल्या या प्रकाराला पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क आणि इतरत्र ऊत आला. एकूण सुमारे अडीच कोटी टोकने निघाली असावीत.

काहींवर दुकानाचे नाव-पत्ता असे, म्हणजे मोडीबरोबर जाहिरातही. काहींवर झेंडे, तोफा आणि देशभक्तीच्या घोषणा. काही टोकनांवर ठळक अक्षरांत ‘एक सेंट’ आणि त्याच्या डोक्यावर बारीकसे ‘नव्हे’ असे. खोटे नाणे पाडल्याचा आळ येऊ नये म्हणून काढलेली ही पळवाट. अर्थमंत्री जॉन डिक्स यांची ‘झेंडा उतरवू पाहील त्याला जागच्या जागी गोळी घाला’ ही आज्ञा कोरताना कुणा कारागिराने मूळ इंग्रजीतल्या ‘स्पॉट’चे (जागा) ‘स्पूट’ केले. संग्राहक आज नेमके तेच हुडकतात.

सुट्टे नाहीत म्हणून आपल्याकडे दुकानदार हातावर चॉकलेटची गोळी टेकवतो, त्याच जातीचा हा व्यवहार. टोकन परत घेऊन पैसे द्यायचे की नाही, हे देणाऱ्याच्या मर्जीवर. न्यूयॉर्कचा दारूगुत्तेवाला लिंडेनम्युलर याने दहा लाखांवर टोकने बाजारात सोडल्याचे सांगतात. थर्ड अव्हेन्यू रेलरोड कंपनीकडे भाड्यापोटी त्यांचा ढीग साचला. ती बदलून मागितली तेव्हा त्याने हात झटकले, अशी कथा आहे.

लोक हलके तांबे बिनतक्रार घेतात, हे सरकारी टाकसाळीने पाहिले होते. २२ एप्रिल १८६४ च्या कायद्याने ४.६७ ग्रॅमच्या सेंटऐवजी ३.११ ग्रॅमचा काशाचा सेंट आला, वजनाने आणि रूपाने थेट टोकनांच्या वळणाचा. त्याच कायद्याने एक व दोन सेंटची खाजगी नाणी बंद केली. जूनमध्ये उरलेल्या सर्व खाजगी नाण्यांवरही बंदी आली.