दवाखान्याचं बायोमेडिकल वेस्ट ऑथरायझेशन : अर्ज नेमका कुठे अडकतो

"माझ्याकडे बेड नाही, मी कोणाला ऍडमिट करत नाही, मग मला कशाला पाहिजे ते ऑथरायझेशन?" असं बायोमेडिकल वेस्ट ऑथरायझेशनबद्दल, म्हणजे दवाखान्यातल्या सुया, कापूस असल्या कचऱ्यासाठी घ्यायच्या परवानगीबद्दल, मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी विचारतंच आणि विचारणारे बहुतेक जुने, वीस-पंचवीस वर्षं प्रॅक्टिस केलेले डॉक्टर असतात. चूक त्यांची नाही. या कचऱ्याच्या १९९८ च्या नियमांत महिन्याला १००० पेक्षा कमी पेशंट असलेल्या दवाखान्यांना आणि लॅबना अर्जातून सूट होती, तेच डोक्यात बसलंय. २८ मार्च २०१६ ला नवे नियम आले आणि ती सूट गेली. आता दिवसाला चार सुया निघत असल्या तरी अर्ज करायचा. दातांचा दवाखाना, आयुर्वेदिक, पॅथॉलॉजी लॅब, जनावरांचा दवाखाना, रक्तदान शिबिर, शाळेतली फर्स्ट एड रूम सुद्धा, सगळे यात आले.

अर्ज फॉर्म २ मध्ये, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवर. लॉगिन, फॉर्म, स्कॅन केलेले कागद, फी. एवढं सगळ्यांना जमतं.

अडतं ते पुढे. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे कचऱ्याच्या गाडीची पावती. "आमच्याकडे गाडी येते की, दर महिन्याला पैसे भरतो" असं म्हणून लोक पावत्यांचा गठ्ठा समोर ठेवतात. ती गाडी कॉमन फॅसिलिटीची, म्हणजे कचरा नेऊन जाळणाऱ्या किंवा निर्जंतुक करणाऱ्या केंद्राची असते. त्यांचं मेंबरशिप सर्टिफिकेट अर्जाला लागतंच, पण ती परवानगी नव्हे, परवानगी मंडळ देतं. आणि सर्टिफिकेट चालू मुदतीचं पाहिजे, तुमच्या भागासाठी ठरवून दिलेल्या केंद्राचंच पाहिजे. बाजूच्या जिल्ह्यातला कोणी स्वस्तात देतो म्हणून त्याचं घेतलं तर मंडळाची क्वेरी, म्हणजे त्रुटीची विचारणा, येणार म्हणजे येणार. ७५ किलोमीटरच्या आत असं केंद्र असेल तर स्वतःच्या आवारात जाळायची भट्टी वगैरे टाकायला परवानगी नाही, तेव्हा "आम्ही मागे खड्ड्यात जाळतो" हे कृपा करून अर्जात लिहू नका आणि करू तर अजिबात नका.

दुसरी अडचण नावाची. भाडेकरारात "दुकान नं. ३", लाइट बिलावर घरमालकाचं नाव, मेंबरशिपवर "डॉ. अमुक यांचा दवाखाना", बोर्डावर "अमुक डेंटल केअर". चारही कागद खरे, पण तपासणाऱ्याला ती चार वेगळी ठिकाणं वाटतात. आधी केंद्राकडून मेंबरशिपवरचं नाव-पत्ता दुरुस्त करून घ्या, त्यांना दोन दिवसांचं काम आहे. लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा असतो, अर्ज टेबलावर येईपर्यंत तो संपलेला असतो आणि मग तीन महिने वाट बघून तिथेच अडकायचं, तर करार संपत आला असेल तर आधी नवा करा. आणि लोकेशन. रात्री घरी बसून फॉर्म भरला की मोबाइल घराचंच अक्षांश-रेखांश पकडतो, ते दवाखान्याच्या दारात उभं राहून घ्या.

आता वजन. फॉर्ममध्ये कचऱ्याच्या पिशवी-डब्याच्या रंगाप्रमाणे रोज किती किलो कचरा निघतो ते विचारलंय आणि इथे लोक अंदाजपंचे भरतात. एका दातांच्या दवाखान्याने रोजचे ५ किलो लिहिले होते, केंद्राच्या पावतीवर अख्ख्या महिन्याचे ४ किलो. सरळ परत आला अर्ज. सात दिवस स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यासारखा एक छोटा काटा दवाखान्यात ठेवा (नंतर तो घरी नेऊ नका) आणि वेगवेगळं वजन लिहून ठेवा. पिवळ्यात रक्ताचा कापूस, बँडेज, मुदत संपलेली औषधं. लालमध्ये सलाइनच्या नळ्या, सुई काढलेल्या सिरिंज, ग्लोव्हज. पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात सुया आणि ब्लेड. निळ्यात औषधांच्या काचेच्या बाटल्या. १५० ग्रॅम असेल तर ०.१५० किलो लिहा, शून्य लिहू नका, कारण इंजेक्शन देणाऱ्या दवाखान्यात सुयांचा आकडा शून्य असूच शकत नाही.

"एक कॉट ठेवलीये, सलाइन लावायला" हे पण आधीच मिटवा. तुम्ही बिनबेडचा म्हणून अर्ज केला आणि मेंबरशिपवर २ बेड लिहिले असतील तर फाइल अडकते. बेड असतील तर मंडळाचं कन्सेंट (दवाखाना चालवायची संमती) वेगळं लागतं आणि ऑथरायझेशनची मुदत त्या कन्सेंटबरोबर चालते, शिवाय बेडची संख्या नर्सिंग होम रजिस्ट्रेशनशी जुळली पाहिजे. बिनबेडवाल्यांना मात्र ऑथरायझेशन एकदाच घ्यायचं. पूर्ण अर्ज मिळाल्यापासून ९० दिवसांत मंडळाने हरकत घेतली नाही तर ते मिळालं असंच नियम धरतो, पण "पूर्ण" हा शब्द लोक वाचतच नाहीत. कागद कमी असेल तर ते ९० दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. क्वेरी ईमेलवर येते, ईमेल असतो एजंटचा, एजंट फोन उचलत नाही. स्वतःचा ईमेल द्या हो. आणि कार्यालयांनी पण एका क्वेरीत सगळ्या चुका एकदम सांगाव्यात, दर पंधरा दिवसांनी एक नवीन कागद मागायचा म्हणजे तालुक्याच्या डॉक्टरने ओपीडी कधी बघायची?

एकदाच घ्यायचं म्हणजे पुढे काहीच नाही असं नाही. दरवर्षी ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये वार्षिक अहवाल द्यायचा, बिनबेडवाल्यांनीही. आणि तो आधीच्या वर्षाच्या जानेवारी ते डिसेंबरचा. जून म्हटलं की लोकांना इन्कम टॅक्सची सवय, एप्रिल ते मार्चचे आकडे भरतात. सोबत फॉर्म १, अपघाताचा, काही झालं नसेल तरी "निरंक" म्हणून द्यायचा असतो, हा नव्वद टक्के लोक विसरतात असं मी माझ्यापुरतं सांगू शकतो.

गाडी वेळेवर येत नाही ही तक्रार मात्र खरी आहे. कचरा ४८ तासांच्या वर ठेवायचा नाही आणि आमच्याकडे आडगावात गाडी आठवड्यातून दोनदाच येते. अशा वेळी गप्प बसू नका. केंद्राने ठरल्या वेळेत कचरा उचलला नाही तर मंडळाला लगेच कळवायचं, ही नियमाने तुमचीच जबाबदारी आहे. लेखी कळवा, पोच घ्या, फाइलला लावा. तपासणीत तोच कागद तुम्हाला वाचवतो.

गेल्या पावसाळ्यात एका दवाखान्यात कागद बघायला गेलो होतो. काउंटरखाली भिंतीच्या रंगाचा (पेंटचा) रिकामा डबा, त्यात सुया. झाडणाऱ्या मावशींनी तो बाजूला सरकवायला उचलला आणि फुटक्या तळातून एक सुई त्यांच्या बोटात गेली. त्यांनी पदराने बोट पुसलं आणि झाडत राहिल्या. कावीळ बी ची लस घेतलीये का विचारलं तर "कसली लस?" म्हणाल्या. गुजरातेत मोडासाला २००९ साली वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे याच काविळीने किती माणसं गेली ते डॉक्टर लोकांना मी सांगायला नको. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ बी आणि धनुर्वाताची लस द्यायची हे याच नियमात लिहिलंय, त्याची नोंद तपासणीत मागतात आणि काविळीचे तीन डोस पूर्ण व्हायला सहा महिने जातात. तेव्हा फॉर्म भरायला बसाल त्याच आठवड्यात मावशींना पहिला डोस द्या आणि पुढच्या दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांच्यासमोर लिहून ठेवा.