‘पीच आणि मुलगी’: एका तैलचित्रामागचं घर

हे चित्र पाहताना वाटतं, ही पोर आत्ताच बाहेरून धावत आली, खुर्चीत टेकली आणि पुढच्या क्षणी उठून पळेल. प्रत्यक्षात ११ वर्षांच्या वेरा मामोंतोवाला त्याच टेबलाशी महिनाभराहून जास्त काळ पुन्हापुन्हा बसावं लागलं. बिचारीला अगदी दमवून टाकलं, असं चित्रकारानेच पुढे कबूल केलं.

चित्रकार व्हॅलेंतिन सेरोव्ह, साल १८८७, वय २२. वेराचं घर त्याला परकं नव्हतं. वडील, संगीतकार अलेक्झांडर सेरोव्ह, तो सहा वर्षांचा असतानाच वारले आणि पुढे तो आईबरोबर अब्राम्त्सेव्होला येऊ लागला. मॉस्कोपासून साठेक किलोमीटरवरची ही इस्टेट वेराचे वडील, रेल्वे-उद्योजक साव्वा मामोंतोव्ह यांनी १८७० मध्ये घेतली होती. रेपिन, वास्नेत्सोव्ह, पोलेनोव्ह असे चित्रकार उन्हाळ्यात तिथे मुक्कामाला असत. वेराला सेरोव्हने डोळ्यांसमोर वाढताना पाहिलं होतं. माझ्या मते तिच्या नजरेतला मोकळेपणा इथूनच आला. समोर बसलेला माणूस तिला घरातलाच वाटत होता.

तेव्हाच्या रशियन वास्तववादात दुःख, दारिद्र्य आणि तपकिरी रंग फार. सेरोव्ह त्याच वर्षी इटलीला जाऊन आला होता. आता फक्त आनंदाचंच रंगवायचं, असं त्याने तिथून पत्रात लिहिलं होतं. परतल्यावर त्याने जेवणघर निवडलं. उजेड वेराच्या पाठीमागच्या खिडकीतून येतो, तरी चेहरा काळवंडत नाही. जवळून पाहिलं तर पांढऱ्या टेबलक्लॉथवर निळसर, राखाडी, गुलाबी छटा आहेत. तोच उजेड तिच्या उन्हाने रापलेल्या गालांपर्यंत पोचतो. टेबलावर मेपलची पानं, एक सुरी आणि पीच. त्या थंड मुलखात पीच पिकायचे ते इस्टेटीवरच्या हरितगृहात.

१८८८ मध्ये मॉस्कोच्या कलाप्रेमी संस्थेच्या प्रदर्शनात या चित्राला व्यक्तिचित्राचं पारितोषिक मिळालं. पण ते विकायला नव्हतंच. सेरोव्हने ते वेराच्या आईला भेट दिलं आणि वर्षानुवर्षं ते अब्राम्त्सेव्होतच राहिलं. वेरा १९०७ मध्ये न्यूमोनियाने गेली, अवघ्या ३२ व्या वर्षी, लहान मुलं मागे ठेवून. १९२९ मध्ये चित्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आलं. अब्राम्त्सेव्होच्या जेवणघरात आता त्याची प्रत आहे.