परराज्यातल्या शिकाऱ्याचा टॅग एवढा महाग कसा झाला

अमेरिकेत वायोमिंगमधे राहणाऱ्या माणसाला एल्क या मोठ्या हरणाचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, ५७ डॉलरला मिळतो. दुसऱ्या राज्यातून आलेल्याला साधा टॅग ६९२ ला, आणि ड्रॉमधे, म्हणजे टॅगच्या सोडतीत, नाव निघायची शक्यता वाढवायची असेल तर "स्पेशल" १९५० ला, अर्जाची फी वेगळी. महागाई म्हणून हे सोडून देता येत नाही, कारण महागाई दोघांनाही सारखीच असते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे त्यामुळे विषय परका वाटेल, पण तिकडे वन्यजीव खातं बऱ्याच अंशी शिकाऱ्यांच्याच पैशावर चालतं. १८९६ मधे गीअर विरुद्ध कनेटिकट या केसमधे सुप्रीम कोर्टाने म्हटलं की रानातले प्राणी राज्यातल्या लोकांच्या मालकीचे आणि राज्य त्यांच्या वतीने ते सांभाळतं. मग १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा आला, बंदुका-काडतुसांवरच्या केंद्रीय कराचा पैसा राज्यांना मिळणार, पण अट अशी की लायसन्सच्या फीचा पैसा वन्यजीव खात्यातच राहिला पाहिजे. अट चांगलीच होती, त्यामुळे तो पैसा दुसरीकडे वळवता येत नाही. पण खात्याची फीवरची भिस्तही पक्की झाली, आणि खर्च वाढला की फी कुणाची वाढवायची? स्थानिकांची वाढवली तर ते पुढच्या निवडणुकीत हिशोब चुकता करतात, बाहेरच्याला तिथे मतच नाही.

याला कोर्टात आव्हान दिलं गेलं. मोंटानात १९७६ च्या सीझनला बाहेरच्याला एल्कसाठी २२५ डॉलरचं कॉम्बिनेशन, म्हणजे अनेक प्राण्यांचं एकत्र, लायसन्स घ्यावंच लागायचं, स्थानिकाला तेवढंच सगळं ३० ला आणि नुसतं एल्क हवं असेल तर ९ ला. मिनेसोटाच्या काही शिकाऱ्यांनी आणि मोंटानातल्याच लेस्टर बाल्डविन या आउटफिटरने, म्हणजे शिकारीच्या ट्रिपा नेणाऱ्याने, केस लावली. १९७८ मधे सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ ने राज्याच्या बाजूने निकाल दिला, कारण काय तर एल्कची शिकार हा हौसेचा भाग आहे, नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. पुढच्याच वर्षी त्याच कोर्टाने १८९६ चं मालकीचं तत्त्व मोडीत काढलं, तरी फीमधला फरक तसाच राहिला. पुढे अ‍ॅरिझोनाने बाहेरच्यांना घातलेली १० टक्क्यांची मर्यादा फेडरल कोर्टात अडकली तेव्हा २००५ मधे काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, थेट कायदाच केला की राज्यं स्थानिक आणि बाहेरचे असा भेद करू शकतात. तो रस्ताही तिथे बंद झाला.

त्यानंतर २०१० मधे मोंटानाच्या मतदारांनी आय-१६१ हा प्रस्ताव थेट मतदानाने पास केला. आउटफिटरच्या गिऱ्हाइकांसाठी राखीव असलेली लायसन्सं त्याने रद्द केली, ते मला पटतं, पण त्याच मतदानात बाहेरच्यांची एल्क-हरीण फी ६२८ वरून ८९७ वर गेली, म्हणजे फी भरणार दुसरेच आणि ठरवणार मोंटानावाले. आयडाहोत २०२१ पासून बाहेरच्यांचा एल्क टॅग ४१६.७५ वरून ६५१.७५ झाला. वायोमिंगचा स्पेशल एल्क टॅग २०२४ ला १२६८ वरून १९५० वर नेला.

स्थानिकांना आधी संधी आणि स्वस्त टॅग हे मला मान्य आहे, ते वर्षभर त्या भागात राहतात, जनावरांनी कुंपणं मोडली, गवत खाल्लं तर त्रास त्यांनाच होतो. पण बारा पट? एल्कची शिकार जिथे होते त्यातली बरीचशी जमीन नॅशनल फॉरेस्टची नाहीतर बीएलएम या केंद्राच्या जमीन खात्याची, म्हणजे केंद्राचीच, आणि तिचा खर्च ओहायोतला करदाताही देतो. जमीन सगळ्या देशाची आणि तिच्यावर चरणाऱ्या जनावराचा भाव राज्य ठरवणार, हा तिढा जुनाच आहे आणि १९७८ च्या निकालाने तो सोडवला असं मला तरी वाटत नाही. मध्यमवर्गीय माणसाने आधी पेट्रोल, राहणं, सुट्टी यांचा खर्च धरायचा आणि त्यावर हा टॅग. त्यात कोलोरॅडोनेही २०२५ पासून धनुष्यबाणाने एल्क मारायला येणाऱ्या बाहेरच्यांना राज्याच्या पश्चिम भागात काउंटरवर टॅग देणं थांबवलं, आता तिथेही ड्रॉमधेच नाव घालावं लागतं.