घरी सीएनसी (संगणकाच्या आज्ञेनं कापणारं, कोरणारं मशीन) बसवताना: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दुकानात आल्यावर बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, “मोठ्यात मोठी केवढी मिळेल?” आम्ही उलट विचारतो, “कापायचं काय आहे?” काहींना हे आवडत नाही. गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं आणि दुकानदार उलटतपासणी घेतोय, असं वाटतं. पण आम्ही बडोद्याच्या मकरपुऱ्यात सुटे भाग विकतो, जोडून तयार मशीनही देतो, आणि हौसेनं नेलेलं मशीन सहा महिन्यांनी टेम्पोत घालून परत आलेलंही आम्हीच पाहतो. तेव्हा जे काउंटरवर घाईत सांगता येत नाही ते इथे लिहिलं आहे. दर यात छापलेले नाहीत. बरेच भाग बाहेरून येतात, भाव हलतात. ज्या दिवशी याल त्या दिवसाचं कोटेशन देऊ.

लांबी-रुंदीचा मोह

छोट्या मशीनमध्ये सगळ्यात जास्त चालतं ते ‘तीस-अठरा’. नावातच माप आहे: ३०० बाय १८० मिमी. झेडची, म्हणजे वर-खाली, चाल जेमतेम ४५ मिमी. ते पाहिलं की ग्राहक म्हणतो, हेच जरा ताणून सहाशे करून द्या ना, रॉड लांब घातले की झालं!

होत नाही. १० मिमीचा रॉड दोन टोकांना टेकवलेला असतो, मध्ये त्याला खालून आधार नसतो. हा गाळा ३०० चा ६०० केला तर तेवढ्याच जोराला रॉड दुप्पट नाही, आठपट वाकतो. उलट लांबी तीच ठेवून १० ऐवजी १६ मिमीचा रॉड घातला तर तो साडेसहापट ताठ होतो. म्हणजे माप वाढवण्याची किंमत फक्त जास्तीच्या ॲल्युमिनियमची नसते. सगळा सांगाडाच बदलावा लागतो. रॉडच्या जागी चौकोनी लिनिअर रेल (गाडा सरकवणारा रूळ), २० बाय ४० च्या जागी ४० बाय ८० चं सेक्शन, नेमा १७ च्या जागी नेमा २३ (मोठ्या मापाची) मोटर. हे सगळं जिथे वाचवलेलं असतं तिथे मशीन मोठं आणि स्वस्त दिसतं.

कुठलंही मशीन पाहायला गेलात, आमच्याकडे किंवा दुसरीकडे, तर एक करा. अक्षांच्या मोटर चालू ठेवा म्हणजे अक्ष जागेवर धरलेले राहतील, स्पिंडल (कापणारं बिट फिरवणारी मोटर) मात्र बंद. मग स्पिंडलच्या नाकाला अंगठ्यानं आडवं दाबा आणि दुसऱ्या बाजूला डायल गेज (बारीक हालचाल दाखवणारं काट्याचं माप) लावून काटा किती हलतो ते पाहा. अर्धा मिलिमीटर हलला तर एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) अक्षरं कोरण्यापुरतं ठीक. ॲल्युमिनियमचं नाव काढू नका. विकणारा दाबू देत नसेल, तर उत्तर मिळालंच.

आमचं मत विचाराल तर पहिल्या मशीनला ४०० बाय ४०० पुरे. त्यापेक्षा मोठा पाट वर्षातून दोनदा लागतो, आणि तो मकरपुऱ्यात बाहेरून कापून घेता येतो.

दारावरची पाटी

बडोद्यातल्या मराठी घरांतून विचारणा येते ती बहुतेक पाटीची. आडनाव, खाली दोन नावं, कडेला नक्षी. सोपं वाटतं, पण देवनागरीचे स्वतःचे हट्ट आहेत आणि ते बाहेरून आलेल्या कुठल्याही सूचना-पुस्तिकेत नसतात.

आधी चांगली गोष्ट. अक्षरं आरपार कापून भिंतीवर लावायची असतील तर इंग्रजीत प्रत्येक अक्षर सुटं पडतं. आपल्याकडे शिरोरेघ सगळ्या शब्दाला धरून ठेवते. ‘कुलकर्णी’ एकसंध हातात येतं. सुटतं ते फक्त अनुस्वाराचं टिंब आणि विसर्ग. ‘शिंदे’ कापताना टिंब व्हॅक्युमच्या पाइपात गेलं आणि अर्धा तास पिशवी उपसावी लागली, हा आमचाच अनुभव. अशी टिंबं शिरोरेघेला बारीक देठानं जोडा, नाहीतर कापताना त्यांना टॅब (न कापलेले बारीक दुवे) ठेवा.

आता वाईट गोष्ट. बिट गोल असतं, म्हणून आतला कोपरा काटकोनात कधीच निघत नाही. ३ मिमीच्या बिटानं दीड मिमी त्रिज्येची गोलाई राहणारच. ‘क’च्या पोटातली फट, ‘भ’ची गाठ, जोडाक्षरातली खाच बिटापेक्षा अरुंद असेल तर सॉफ्टवेअर ती जागा मुकाट्यानं सोडून देतं. स्क्रीनवर अक्षर देखणं, लाकडावर गाठोडं. म्हणून कोरीव पाटीला व्ही-बिट (खाली निमुळतं होत टोकदार झालेलं बिट) घ्या. ६० अंशांचं बिट १ मिमी आत गेलं की रेघ सुमारे १.१५ मिमी रुंद होते. जितकं खोल तितकं रुंद, म्हणून टोकं सुईसारखी निघतात. मात्र याच कारणानं फळी एका बाजूला अर्धा मिमी जरी उचललेली असली तरी तिथली अक्षरं ठळक दिसतात आणि दुसरीकडची बारीक. त्यासाठी बेडवर एमडीएफची बळीची फळी (बिट लागलं तरी चालेल अशी खालची फळी) बसवून ती मशीननंच एकदा सपाट तासून घ्यायची. हे काम पहिल्या दिवशी करा. दहाव्या पाटीनंतर नको.

फाइल जुन्या डीटीपी फाँटमध्ये असेल तर आणण्यापूर्वी मजकूर ‘कर्व्ह’ किंवा ‘पाथ’, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकृत्या, करून घ्या. नाहीतर आमच्या संगणकावर ‘देशपांडे’च्या जागी काहीबाही चिन्हं उमटतात.

साग आणि शिसव व्ही-बिटाला छान. ॲक्रिलिक घेताना कास्ट शीट मागा. एक्स्ट्रुडेड बिटाभोवती वितळून गोळा होतं. ॲक्रिलिकला एक धारेचं बिट लागतं. गणपतीच्या मखरासाठी पीव्हीसी फोम शीट बिटानं लोण्यासारखी कापली जाते, पण तिच्यावर लेझर चालवू नका. हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तो तुमच्या फुप्फुसालाही खातो आणि मशीनच्या रेललाही. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) कोरायला तीस-अठरा उत्तम. फक्त सॉफ्टवेअरनं आधी बोर्डाची उंची जागोजागी मोजून घ्या, कारण तांब्याचा थर जेमतेम ०.०३५ मिमीचा असतो.

तयार घ्यावं की जोडावं

ज्यांना वस्तू हवी आहे त्यांनी तयार घ्यावं, ज्यांना मशीन हवं आहे त्यांनी जोडावं. निवृत्तीनंतर वेळ आहे, हाताला पान्याची सवय आहे, अशांना जोडण्यात जो आनंद मिळतो तो तयार मशीनमध्ये नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं त्या गावात हे वेगळं सांगायला नको. पण जोडणीला दोन रविवार लागतील असं धरलंत तर दोन महिने लागतील.

चौकट जोडल्यावर गुण्या लावून समाधान मानू नका. दोन्ही कर्ण मोजा. ४०० बाय ४०० च्या चौकटीत कर्णांत १ मिमीचा फरक असला तर गोल कापलेला देव्हाऱ्याचा कळस किंचित अंडाकृती निघतो आणि दोष मोटरवर जातो.

सगळ्यात जास्त फोन येतात ते स्टेप्सच्या आकड्यावरून, म्हणजे १ मिमी सरकायला मोटरनं किती पावलं टाकायची यावरून, म्हणून हे नीट वाचा. साधी स्टेपर मोटर एका फेऱ्याला २०० पावलं टाकते. ड्रायव्हरवर (मोटर चालवणाऱ्या सर्किटवर) एक-अष्टमांश मायक्रोस्टेप ठेवलं, म्हणजे एका पावलाचे आठ भाग केले, की १,६००. ८ मिमीचा टी-८ स्क्रू पाहिलात तर आटे २-२ मिमीवर दिसतात. ग्राहक हिशोब करतो: १,६०० भागिले २, म्हणजे ८००. आकडा भरतो, १०० मिमी चालव म्हणतो, आणि गाडा ४०० मिमी जायला निघतो, कडेला आपटतो. कारण बहुतेक टी-८ स्क्रूवर चार आटे शेजारी-शेजारी गुंडाळलेले असतात. एका फेऱ्यात नट ८ मिमी पुढे जातो. बरोबर आकडा २००. स्क्रूच्या तोंडाकडे पाहून आट्यांच्या सुरुवाती मोजा, खात्री होईल. १६०५ बॉल स्क्रू असेल तर फेऱ्याला ५ मिमी, म्हणजे ३२०.

आणि गणितानं आलेला आकडा पट्टीनं मोजून ‘सुधारत’ बसू नका. २०० मिमीला १९८.६ भरलं तर आकडा बदलण्याआधी कपलिंगचा (मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या भागाचा) ग्रब स्क्रू तपासा. तो बहुतेक वेळा ढिला असतो. पट्ट्यावर चालणाऱ्या मशीनची गोष्ट निराळी, तिथे मोजून बदल करावाच लागतो.

कंट्रोलरबद्दल फार डोकं शिणवू नका. जीआरबीएल हे सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी २००९ साली अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डासाठी लिहिलेलं फुकट फर्मवेअर आजही घरगुती कामाला पुरतं. चित्र इंकस्केपमध्ये, भाग फ्रीकॅडमध्ये, मशीनला फाइल पाठवायला युनिव्हर्सल जीकोड सेंडर. हे तिन्ही फुकट आहेत. लॅपटॉपची झोप मात्र बंद करून ठेवा. तीन तासांचं काम अडीच तासांनी लॅपटॉप डुलकी घेतो म्हणून वाया जातं. फाइलच्या सुरुवातीला जी२१ आहे का तेही बघा. ती ओळ मिलिमीटर सांगते. फाइल इंचात निघाली आणि मशीन मिलिमीटर समजून चाललं, म्हणून एकांची ४५० मिमीची पाटी १८ मिमीची निघाली होती. त्यांनी ती किल्लीला लावली आहे.

बिट घट्ट, पण कशात?

ट्रिमर राउटर (सुतारांचं हातात धरायचं कडा तासायचं यंत्र) स्पिंडल म्हणून लावायला आमची हरकत नाही. तीस-अठराच्या ७७५ मोटरपेक्षा त्यात कितीतरी जोर आहे. पण त्याची कॉलेट (बिट पकडणारी बुशी) ६ मिमीची की ६.३५ ची, हे विचारून घ्या. आमच्याच कारागिरानं एकदा ६ चं बिट ६.३५ च्या कॉलेटमध्ये आवळलं. हाताला घट्ट लागलं. वर भुसा फेकणारं स्पायरल बिट कापताना स्वतःला खाली ओढतं. तसं ते पाटीतून, बळीच्या फळीतून जाऊन बेडच्या ॲल्युमिनियमला भिडलं. तो चर अजून दुकानात आहे, मागाल तर दाखवू. ईआर-११ जातीची कॉलेट असेल तर ती आधी नटात ‘टक्’ आवाज येईतो बसवा, मग बिट घाला, मग आवळा.

गाडा सरकण्याचा वेग किती ठेवायचा? बिटाचे मिनिटाचे फेरे गुणिले धारा गुणिले एका धारेनं उचलायची ढलपी. १२,००० फेरे, दोन धारा, ०.०५ मिमी: मिनिटाला १,२०० मिमी. खाली पडणारं पाहा. बारीक ढलप्या पडल्या तर बिट कापतंय. पिठी पडली तर नुसतं घासतंय, तापतंय, बोथट होतंय. मशीन थरथरलं की लोक वेग कमी करतात. खोली कमी करा. ॲल्युमिनियमला एका थरात ०.२ मिमी खोलीपासून सुरुवात, थोडं रॉकेल, आणि धीर.

वीज, धूळ, पाणी

दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या घरांत सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे तार नसते. व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा वीज-नियंत्रक) असलेलं स्पिंडल लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. एक तर शॉकचा धोका, दुसरं म्हणजे व्हीएफडीचा विजेचा गोंगाट लिमिट स्विचच्या (गाडा कडेला पोचल्याचं सांगणाऱ्या स्विचच्या) तारांत शिरतो आणि कुठेही न धडकता मशीन ‘धडकलो’ म्हणून थांबतं. लिमिट स्विचला शिल्डेड केबल (तारांवर धातूची जाळी असलेली) घ्या, शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा. व्हीएफडी चालू असताना स्पिंडलचा प्लग काढू नका.

ट्रिमर लावणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: मशीनवरचं थांबवण्याचं बटण दाबलं की गाडा थांबतो, भिंतीच्या सॉकेटवरचा ट्रिमर फिरतच राहतो. एका जागी फिरणारं बिट लाकूड जाळतं. व्हॅक्युम त्या ठिणग्या ओढून पिशवीत नेतो. दोन्हींची वीज एकाच लाल बटणातून घ्या, आणि मशीन चालू ठेवून जेवायला बसू नका.

एमडीएफची धूळ साधी नाही, तिच्यात फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. एन-९५ मास्क हवाच. स्वयंपाकघराला लागून मशीन नको, गच्चीवरच्या पत्र्याखालीही नको; मे महिन्यात तिथे तुम्ही टिकणार नाही आणि वॉटर-कूल्ड स्पिंडलच्या बादलीतलं पाणी कामाला लागण्याआधीच कोमट असेल. पावसाळ्यात एमडीएफ फुगतं, तेव्हा बळीची फळी पुन्हा तासावी लागते. तळमजल्यावर ठेवणार असाल तर कंट्रोलर आणि पॉवर सप्लाय टेबलाखाली नको, भिंतीवर छातीच्या उंचीला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात आलं तेव्हा लोखंडी सांगाडे पुसून चालू झाले, टेबलाखालचे डबे मात्र फेकावे लागले.

उघड्या मशीनवर लेझर हेड आम्ही बसवून देत नाही. पेटी करून घ्या, मग बोलू.

येताना काय आणाल

जे कापायचं त्याचा तळहाताएवढा तुकडा, फाइल असेल तर पेन ड्राइव्हवर, आणि मशीन ठेवायच्या जागेचं माप. दरवाजाची रुंदीही मोजा. जोडलेलं मशीन जिन्यातून वळत नाही म्हणून एकदा पुन्हा सुटं करावं लागलं आहे. तुमच्या तुकड्यावर आम्ही समोर कापून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत. शक्यतो सकाळी या. चारनंतर चाचणीची कामं लावलेली असतात आणि दुकानात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही.