धूळ वेगळी, धूर वेगळा: मराठवाड्याची हवा मोजताना

डिसेंबरात पहाटे मराठवाड्यातल्या कुठल्याही गावावर धुराचा पट्टा दिसतो. चुलीत पऱ्हाटी, तुराट्या जळत असतात, एखाद्या शिवारात उसाचं पाचट पेटवलेलं असतं. जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे धूर वर चढत नाही. तो किती घातक आहे, याचा आकडा मात्र गावाकडे नसतो. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मराठवाड्यातली छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर ही शहरं आहेत. खेड्यांचं काय? मोजणी नाही म्हणजे हवा चांगली, असं आपण धरून चालतो आणि तिथेच घात होतो.

मोजायचे असतात ते मुख्यतः पीएम 2.5, म्हणजे 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कण. ते फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये त्यांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे 5 मायक्रोग्रॅम सुचवली. भारताचं मानक 40 आहे.

सगळी उपकरणं असलेलं स्वयंचलित केंद्र कोटीच्या घरात जातं, सेन्सर मात्र काही हजारांत मिळतो. त्यातला छोटा पंखा हवा आत ओढतो, लेसरचा झोत कणांवर पडतो आणि विखुरलेल्या उजेडावरून कणांच्या वजनाचा अंदाज बांधला जातो. प्रत्यक्ष वजन होतच नाही. म्हणून दमट हवेत पाणी शोषून फुगलेले कण त्याला जास्त भरतात आणि आकडा वाढतो. उलट वैशाखात वावटळ उठली, खडी क्रशरची धूळ उडाली, की जाडे कण नीट पकडले जात नाहीत आणि आकडा कमी येतो. आपल्याकडे दमट पावसाळा आणि धुळीचा उन्हाळा दोन्ही कडक. त्यामुळे सेन्सरचा आकडा सुधारण्याचं दिल्लीत बसवलेलं सूत्र जालन्यात जसंच्या तसं चालणार नाही.

उपाय माहीत आहे. सेन्सर खात्रीच्या यंत्राशेजारी काही आठवडे ठेवायचे, दोन्हींचे आकडे ताडायचे, फरकाचं सूत्र काढायचं आणि ऋतू बदलला की पुन्हा तपासायचं. युगांडात मकेरेरे विद्यापीठाच्या एअरक्यू प्रकल्पाने स्वस्त सेन्सरचं जाळं उभारलं, काही सेन्सर तर मोटरसायकल टॅक्सींवर बसवले. आयआयटी कानपूरने बिहार आणि उत्तर प्रदेशात गटपातळीपर्यंत सेन्सर नेले. उपग्रहाची मदत होते, पण तो जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेतले कण एकत्र पाहतो आणि पावसाळ्यात ढगांपुढे हतबल होतो.

म्हणून माझं ठाम मत आहे, की शेकडो सेन्सर वाटण्याआधी आठही जिल्ह्यांत एकेक खात्रीचं यंत्र हवं आणि ते सांभाळणारा माणूसही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ हे काम करू शकेल. पीक, पाचट आणि हवामान यांची जाण तिथे आहेच. मग शाळांच्या भिंतींवर सेन्सर लावावेत, चुलीपासून आणि मळणीयंत्रापासून लांब. लाइट गेली तरी नोंद चालू राहावी म्हणून सोबत बॅटरी द्यावी.