एवढ्याशा ताऱ्याला एवढा ग्रह

जून २०२५च्या पहिल्या आठवड्यात 'असू नये असा ग्रह सापडला' ही बातमी फोनवरून फिरत होती. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच मुंबईत येऊन बसला होता, त्यामुळे वर बघून काही दिसण्याचा प्रश्न नव्हता. तसंही तो तारा साध्या डोळ्यांना दिसणाऱ्यांपैकी नाही. सिंह राशीच्या दिशेला, सुमारे २४० प्रकाशवर्षांवर एक लाल बटू तारा आहे, वस्तुमानाने सूर्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा. त्याच्याभोवती साडेतीन दिवसांच्या आत प्रदक्षिणा घालणारा, शनीपेक्षा किंचित मोठा वायुग्रह. ताऱ्याचं नाव टीओआय-६८९४, ग्रहाच्या नावाला शेवटी 'बी'.

विचित्रपणा कशात आहे, हे स्वयंपाकघरातच मोजता येतं. वीस सेंटीमीटरची पोळी म्हणजे सूर्य धरला, तर गुरू हा तिच्यावर ठेवलेलं रुपयाचं नाणं. टीओआय-६८९४ची पोळी केली, तर तिच्यावर चक्क एक पुरी ठेवावी लागते. ग्रह समोरून जातो तेव्हा ताऱ्याचा सुमारे १७ टक्के प्रकाश अडतो. शुक्राचं २००४ आणि २०१२चं अधिक्रमण ज्यांनी काळ्या चष्म्यातून पाहिलं त्यांना आठवत असेल, तो ठिपका शोधावा लागत होता. त्याने सूर्याचा हजारावा हिस्साच झाकला होता.

पण 'असू नये' हे वाक्य बातमीदारांनी त्या आठवड्यात शोधून काढलेलं नाही. छोट्या ताऱ्यांजवळ मोठे ग्रह शोधण्याचा उद्योग साठ वर्षांहून जुना आहे, आणि तो सुरू झाला एका चुकीपासून.

ती चूक बर्नार्डच्या ताऱ्याची. भुजंगधारी तारकासमूहातला हा लाल बटू आपल्यापासून फक्त सहा प्रकाशवर्षांवर आहे. मे महिन्यातल्या एखाद्या स्वच्छ रात्री कर्जत लोकलने वांगणीला उतरून छोटी दुर्बीण लावली, तर नकाशा हातात असलेल्याला तो सापडतो. एडवर्ड बर्नार्ड यांनी १९१६ साली दाखवून दिलं, की हा तारा आकाशात कुठल्याही ताऱ्यापेक्षा वेगाने सरकतो. अमेरिकेतल्या स्प्राउल वेधशाळेत पीटर व्हान डी काम्प यांनी १९३८पासून त्याचे फोटो घ्यायला सुरुवात केली. काचेच्या तबकड्यांवर, वर्षानुवर्षं, एकाच दुर्बिणीतून. कल्पना साधी होती. ताऱ्याभोवती जड ग्रह फिरत असेल तर ताराही थोडा डुलेल, आणि तारा जितका हलका तितकं हे डुलणं मोठं. म्हणजे शोधायचं तर छोट्या, जवळच्या ताऱ्यापाशीच शोधावं. हा युक्तिवाद आजही शंभर टक्के बरोबर आहे.

दोन हजारांहून अधिक तबकड्या मोजून १९६३ साली त्यांनी जाहीर केलं, की बर्नार्डच्या ताऱ्याभोवती गुरूच्या दीडपट वस्तुमानाचा ग्रह आहे आणि त्याचं वर्ष २४ वर्षांचं आहे. पुढे १९६९ साली एकाऐवजी दोन ग्रह, असा सुधारित हिशेब आला. ज्या डुलण्यावर हे सगळं उभं होतं ते तबकडीवर साधारण एक हजारांश मिलिमीटर होतं. केसाच्या जाडीचा पन्नासावा-साठावा भाग.

मग १९७३ साली दोन धक्के बसले. जॉर्ज गेटवूड आणि हाइनरिश आइकहॉर्न यांनी दुसऱ्या वेधशाळांच्या तबकड्या तपासल्या, त्यांत डुलणं सापडेना. त्याच वर्षी व्हान डी काम्प यांच्याच वेधशाळेतल्या जॉन हर्शी यांना दिसलं, की भलत्याच एका ताऱ्याच्या जागेतही तशाच उड्या आहेत, आणि त्या पडल्या आहेत दुर्बिणीच्या भिंगाची बैठक बदलली, भिंग पुन्हा बसवलं, त्या-त्या वेळी. डुलत होती ती दुर्बीण. व्हान डी काम्प यांनी हे शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मे १९९५मध्ये ते वारले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिशेल मायोर आणि दिदिए केलोझ यांनी सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह जाहीर केला.

मला या माणसाबद्दल कणव वाटते. ताऱ्याची निवड बरोबर, तर्क बरोबर, चिकाटी तर विचारूच नका. बर्नार्डच्या ताऱ्याभोवती ग्रह आहेतसुद्धा. २०२४मध्ये एक आणि २०२५मध्ये मिळून चार पक्के झाले, पण चारही पृथ्वीहून कितीतरी हलके. त्यांच्यामुळे ताऱ्याच्या वेगात पडणारा फरक सेकंदाला अर्धा मीटर आणि त्याहूनही कमी, म्हणजे दादरच्या पुलावर संध्याकाळी सहाला माणूस चालतो तेवढा. काचेच्या तबकडीवर ते दिसण्याची शक्यताच नव्हती.

लाल बटूभोवती खरोखरचा पहिला ग्रह मिळाला तो १९९८ साली, आणि गंमत म्हणजे तो राक्षसच निघाला. कुंभ राशीतला ग्लीझ ८७६ हा तारा १५ प्रकाशवर्षांवर, सूर्याच्या साधारण एक तृतीयांश वस्तुमानाचा. त्याच्याभोवती ६१ दिवसांत फिरणारा, गुरूच्या जवळपास दुप्पट वस्तुमानाचा ग्रह एकाच सुमारास दोन गटांना सापडला. या वेळी पद्धत वेगळी होती. ताऱ्याची जागा मोजायची नाही, त्याच्या प्रकाशातल्या रेषा मागेपुढे सरकताना मोजायच्या. २००१ साली तिथेच दुसरा मोठा ग्रह मिळाला, ३० दिवसांचा, पहिल्याच्या तालाशी जुळवून घेतलेला.

इतकी झकास सुरुवात झाल्यावर असे ग्रह ढिगाने मिळतील असं वाटलं होतं. तसं झालं नाही, आणि का होऊ नये याचं कारण २००४ साली ग्रेगरी लाफलिन, पीटर बोडेनहायमर आणि फ्रेड अॅडम्स यांनी गणिताने मांडलं. वायुग्रह घडायला आधी घन गाभा लागतो, पृथ्वीच्या सुमारे दहापट. तो तयार झाला की मग तो भोवतालचा वायू ओढून घेतो. हे सगळं नवजात ताऱ्याभोवतीच्या धूळ-वायूच्या चकतीत, आणि ती चकती काही दशलक्ष वर्षांत विरून जाण्याच्या आत उरकावं लागतं. छोट्या ताऱ्याची चकतीही छोटी, माल कमी, शिवाय तिथल्या प्रदक्षिणा संथ, त्यामुळे गाभा वाढतो रखडत. गाभा तयार होईपर्यंत वायू संपलेला. निष्कर्ष असा, की अशा ताऱ्यांभोवती नेपच्यूनएवढे ग्रह पुष्कळ, गुरू मात्र विरळा. मुंबईकराला हे पटायला अवघड नाही: प्लॉट केवढा, त्यावर चटई क्षेत्र किती, आणि त्यातून मजले किती निघणार. तरीही चिंचोळ्या प्लॉटवर चाळीस मजली टॉवर उभा दिसला, तर आपण आधी कुठला प्रश्न विचारतो?

अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ अॅलन बॉस यांचं म्हणणं वेगळं होतं. चकती पुरेशी जड आणि थंड असेल तर गाभ्याची वाटच बघायला नको, चकतीचा एक तुकडा स्वतःच्या वजनाने कोसळून थेट ग्रह बनू शकतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

सिद्धांत विरळा म्हणतोय आणि निरीक्षणात विरळाच दिसतंय, यावर मात्र एक शंका राहते. आपण नीट शोधत होतो का? आपल्या दीर्घिकेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे लाल बटू आहेत, पण त्यांतला एकही साध्या डोळ्यांना दिसत नाही. ते अंधुक, आणि जो प्रकाश आहे तो बराचसा अवरक्त, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. प्रकाशाचे रंग सुटे करून त्यातल्या रेषा मोजणारे वर्णपटमापक मात्र पिवळ्या, सूर्यासारख्या ताऱ्यांसाठी बनवलेले. केप्लर या अवकाश दुर्बिणीनेही मुख्यतः सूर्यासारखेच तारे पाहिले. तरी २०१२ साली तिच्या निरीक्षणांतून केप्लर-४५ बी मिळाला. त्याचा ताराही बटूंमधला दांडगाच, सूर्याच्या सुमारे सहा दशांश.

बदल झाला तो अवरक्त उपकरणांमुळे. यात मुंबईचा एक धागा आहे. कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरच्या पलीकडे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अवरक्त वर्णपटमापक बनवण्याचं काम बरीच वर्षं चालू आहे. तिथलं टिर्स्पेक हे उपकरण २०१३ साली लडाखमधल्या हानलेच्या हिमालयीन चंद्रा दुर्बिणीवर बसलं. त्यावर काम केलेले जो निनान पुढे अमेरिकेत 'हॅबिटेबल-झोन प्लॅनेट फाइंडर' या उपकरणाच्या गटात होते. आता ते पुन्हा टाटा संस्थेत आहेत. ते उपकरण टेक्सासमधल्या दहा मीटरच्या दुर्बिणीला जोडलेलं आहे आणि आत उणे ९३ अंश सेल्सिअस तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर ठेवलं जातं. भिंगाच्या बैठकीने व्हान डी काम्प यांचा घात केला होता. इथे आतल्या धातूच्या आकुंचन-प्रसरणालासुद्धा जागा ठेवलेली नाही.

त्यानंतर 'असू नये'वाल्यांची रांग लागली. स्पेनमधल्या कार्मेनेस उपकरणाने २०१९ साली जीजे ३५१२ या, सूर्याच्या आठव्या हिश्शाच्या ताऱ्याभोवती किमान अर्ध्या गुरूएवढा ग्रह दाखवला. २०२३मध्ये शुभम कनोडिया आणि सहकाऱ्यांनी टीओआय-५२०५ बी जाहीर केला: तारा सूर्याच्या चार दशांश, ग्रह पूर्ण गुरूएवढा. त्याच वर्षी एलएचएस ३१५४, सूर्याच्या नवव्या हिश्शाचा तारा आणि नेपच्यूनच्या तोडीचा ग्रह. या शेवटच्या दोन्ही शोधांत निनान यांचंही नाव आहे.

नावातल्या टीओआयचा अर्थ, टेस या उपग्रहाला लक्षवेधी वाटलेला तारा. एप्रिल २०१८मध्ये सोडलेला हा उपग्रह तांबड्या प्रकाशात पाहतो, त्यामुळे बटू तारे त्याच्या टप्प्यात येतात. पण ताऱ्याच्या प्रकाशात १७ टक्क्यांची खोल घळ दिसली की अनुभवी माणूस आनंदाने उडी मारत नाही, उलट सावध होतो. इतका प्रकाश बहुधा दुसरा ताराच अडवतो. त्यात निसर्गाची खोड अशी, की गुरू, तपकिरी बटू (तारा होता होता राहिलेले गोळे) आणि सगळ्यात छोटे तारे यांचा आकार जवळपास सारखाच असतो. सावलीवरून ग्रह की तारा हे सांगता येत नाही, वजन करावंच लागतं. टीओआय-६८९४ बीचं वजन चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपसारख्या मोठ्या दुर्बिणी लावून ठरलं: शनीच्या जेमतेम निम्मं. आकाराने शनीएवढा, वजनाने अर्धा, म्हणजे बराच फुसका.

हा शोध लावणाऱ्या एडवर्ड ब्रायंट यांनीच आधी, २०२३ साली, टेसच्या नोंदींतले ९१ हजारांहून अधिक छोटे तारे चाळले होते. त्यांतून १५ संभाव्य राक्षस निघाले. ग्रह समोरून जाताना दिसण्याची शक्यता हिशेबात धरली, तर हजार ताऱ्यांमागे सुमारे दोन. लाफलिन प्रभृतींचं 'विरळा' त्यामुळे खोटं ठरत नाही. अडचण होते ती 'होणारच नाही' असं समजून चाललेल्यांची.

एवढा माल आला कुठून, हे आता जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला विचारलं जातंय. टीओआय-५२०५ बीच्या वातावरणाचा वर्णपट मिळाला, तर त्यात जड मूलद्रव्यं अपेक्षेपेक्षा कमी निघाली. शिवाय ताऱ्यावरच्या डागांनी त्या वर्णपटात इतकी लुडबुड केलेली, की ग्रहाचं काय आणि ताऱ्याचं काय हे आधी निवडावं लागलं. टीओआय-६८९४ बी त्या मानाने थंड आहे, सुमारे दीडशे अंश सेल्सिअस. त्याच्या हवेत मिथेन दिसावा असा अंदाज आहे, कदाचित अमोनियाही.