आखूड नळीमागचा लांब इतिहास

एआर-15 या रायफलीच्या घराण्यातल्या पिस्तुलासाठी गॅस यंत्रणेचे भाग निवडायला बसलेल्या अमेरिकी माणसापुढे चार मापं येतात, म्हणजे वायू वळवून घेणारं भोक नळीत किती अंतरावर आहे त्याची: रायफल, मिड, कार्बाइन आणि पिस्टल. बाजारात ती कपड्यांच्या मापांसारखी मांडलेली दिसतात, त्यामुळे हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात यातलं प्रत्येक माप कुठल्या तरी जुन्या निर्णयाचा परिणाम आहे. काही निर्णय अभियंत्यांचे होते, काही लष्कराचे, आणि पिस्तुलाच्या बाबतीत तर थेट अमेरिकी संसदेचा.

काडतुसातली दारू जळाली की तयार होणारा वायू गोळीला ढकलतो आणि गोळीमागोमाग नळीतून वाया जातो. त्यातला थोडा वळवून बंदुकीकडूनच रिकामं काडतूस बाहेर फेकण्याचं आणि नवं भरण्याचं काम करून घ्यावं, ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रुजली. हायरम मॅक्सिमने 1884 मध्ये गोळीच्या धक्क्यावर चालणारी मशीनगन केली होती. युटामधल्या ऑग्डेनच्या जॉन ब्राउनिंगने 1889 च्या सुमारास वायूचा मार्ग धरला. बार उडाला की नळीसमोरचं गवत आडवं होतं, हे पाहून त्याला ते सुचलं असं सांगतात. त्यातून पुढे कोल्टची 1895 ची मशीनगन आली. तिचा दांडा नळीखाली वरखाली झुलायचा आणि जमीन उकरायचा, म्हणून सैनिक तिला 'बटाटे खणणारी' म्हणत.

पुढची पन्नास वर्षं वाद होता तो वायू कुठून घ्यायचा आणि कशाला ढकलायला लावायचा, याचा. जॉन गॅरंडच्या एम-1 रायफलीत आधी वायू नळीच्या तोंडाशी पकडत. ते जमेना, म्हणून 1940 च्या सुमारास नळीलाच भोक पाडून तो घेऊ लागले. स्वीडनच्या 1942 च्या युंगमान रायफलीने पिस्टन काढूनच टाकला आणि वायू बारीक नळीतून थेट मागे नेला. कलाश्निकोव्हने लांब पिस्टन बोल्ट कॅरियरला, म्हणजे काडतुसामागचं दार बंद करणाऱ्या बोल्टला पुढेमागे नेणाऱ्या भागाला, जोडून टाकला. बेल्जियमच्या एफएएल रायफलीत वायू कमीजास्त करायची चावी होती, म्हणजे धूळ, थंडी, निकृष्ट दारूगोळा यांच्याशी सैनिकाला जागेवरच जुळवून घेता येई. इशापूरला बनलेल्या, एफएएलच्याच घराण्यातल्या आपल्या एसएलआर रायफलीमुळे भारतीय जवानांच्या कित्येक पिढ्यांना ही चावी ओळखीची होती. पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संशोधन संस्थेत इन्सास रायफल घडली, तेव्हा तिला कलाश्निकोव्हसारखा लांब पिस्टन मिळाला आणि गॅस रेग्युलेटर आला तो एफएएलच्या वळणाचा. दोन परंपरा एका हत्यारात आल्या, पण याची चर्चा आपल्याकडे फारच कमी झाली.

एआर-15 चा रचनाकार युजीन स्टोनरने वेगळी वाट धरली. हॉलिवूडमधल्या आर्मालाइटमध्ये काम करताना 1956 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, ते 1960 मध्ये मिळालं. त्याच्या रचनेत वायू एका बारीक ट्यूबमधून बोल्ट कॅरियरच्या पोटात येतो. तिथे बोल्ट स्वतःच पिस्टनचं काम करतो आणि कॅरियर सिलिंडर होतो. लोक याला सरसकट थेट वायूची पद्धत म्हणतात, पण स्टोनरच्या पेटंटमध्येच ती पारंपरिक थेट पद्धत नसल्याचं म्हटलं आहे. सगळी हालचाल नळीच्या सरळ रेषेत होते, वजन वाचतं, धक्क्याने नळी फारशी वर उडत नाही. किंमत एवढीच की समतोल फार नाजूक असतो. 20 इंची नळीत चेंबरपासून (काडतूस बसतं त्या मागच्या टोकापासून) सुमारे 13 इंचांवर भोक आणि त्यापुढे सुमारे 7 इंच नळी. गोळी भोक ओलांडून नळीबाहेर पडेपर्यंतच्या त्या क्षणभरातच यंत्रणेला हवा तेवढा वायू मिळायला हवा. जास्तही नको, कमीही नको. यात चावी नाही. सगळा हिशेब कारखान्यातच पक्का होतो.

तो हिशेब किती सहज बिघडतो, याची शिक्षा व्हिएतनाममधल्या तरुण सैनिकांनी भोगली. त्यांच्या हातातल्या एम-16 या एआर-15 च्या लष्करी रूपाची जडणघडण ड्यूपाँटच्या आयएमआर दारूवर झाली होती. लष्कराने 1964 नंतर मोठ्या प्रमाणावर बॉल पावडर ही गोल कणांची दारू वापरायला सुरुवात केली. तिच्यामुळे भोकापाशी दाब वाढला, यंत्रणा ठरल्यापेक्षा वेगाने धावू लागली आणि काजळीही जास्त साचली. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता आणि साफसफाईचं सामान पुरेसं दिलं नव्हतं. रिकामी काडतुसं चेंबरमध्ये अडकली आणि ऐन चकमकीत बंदुका बंद पडल्या. अमेरिकी संसदेच्या आयकॉर्ड उपसमितीने 1967 मध्ये लष्करावर कडक ठपका ठेवला. दोष स्टोनरच्या कल्पनेत नव्हता. तिचा समतोल न समजता एक घटक बदलला गेला, याचा हा परिणाम होता. क्रोम चेंबर आणि बदललेला बफर (मागे येणाऱ्या कॅरियरचा वेग आवरणारा वजनदार भाग) आल्यावर तीच रायफल सुधारली. आज बफरच्या वजनावर एवढा काथ्याकूट होतो, त्याचं मूळ इथेच आहे.

त्याच युद्धात नळी आखूड करायची मागणी आली. कोल्टच्या एक्सएम-177 ची नळी आधी 10 आणि नंतर 11.5 इंच झाली. भोक मागे सरकवून सुमारे पावणेआठ इंचांवर आलं आणि 'कार्बाइन' माप जन्मलं. भोक चेंबरच्या जवळ, म्हणजे तिथे वायूचा दाब जास्त. पुढची नळी कमी, म्हणजे वेळ कमी. 1994 मध्ये आलेल्या एम-4 ची नळी 14.5 इंच होती. तिच्यात भोकापुढे पुन्हा सुमारे 7 इंच मिळाले आणि हिशेब बऱ्यापैकी जुळला. नागरी बाजारात मात्र कायद्याने रायफलीला किमान 16 इंची नळी लागते. त्याच कार्बाइन मापापुढे दीड इंच नळी वाढली, वायू गरजेपेक्षा जास्त येऊ लागला आणि त्यावर तोडगा म्हणून भोक पुढे नेणारं मिड माप रुळलं.

ही 16 इंचांची अट आली 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टमधून, आणि रायफलसारख्या दिसणाऱ्या पिस्तुलाची खरी जन्मकथा तिथेच आहे. मूळ मसुद्यात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही नोंदणीखाली येणार होती. मग लोक रायफल कापून तिचंच पिस्तूल करतील, या भीतीने आखूड रायफलीही त्यात घातल्या. पुढे विरोधामुळे पिस्तुलं मसुद्यातून वगळली गेली, आखूड रायफलींचं कलम मात्र तसंच राहिलं. नोंदणी आणि 200 डॉलर कर. रायफलींसाठी मूळची 18 इंचांची मर्यादा 1960 मध्ये 16 वर आली. ज्या पळवाटेची भीती होती ती बुजवण्याची गरजच उरली नव्हती, तरी कलम नव्वद वर्षं जगलं. मुळातच खांद्याला टेकवायच्या दस्त्याशिवाय बनवलं, तर तसंच हत्यार कायद्याने पिस्तूल ठरतं, नळी कितीही आखूड असो. म्हणून सात-आठ इंची नळ्या आल्या. इतक्या आखूड नळीत कार्बाइनचं भोक बसवायला जागाच नाही. भोक साडेचार इंचांवर आणणारं पिस्टल माप त्यातून आलं.

स्टोनरच्या मूळ 5.56 मिलिमीटर काडतुसाला हे माप मानवत नाही. त्याची दारू 20 इंची नळीसाठी मोजलेली आहे. आखूड नळीत ती जळत असतानाच गोळी बाहेर पडते. मोठा जाळ, मोठा आवाज, घटलेला वेग आणि भोकापाशी प्रचंड दाब. 2011 मध्ये मान्यता मिळालेल्या .300 ब्लॅकआउट काडतुसाने हे कोडं दुसऱ्या टोकाने सोडवलं. लवकर जळणारी दारू, जड गोळी, आणि नऊ इंचांच्या आसपास नळी असली तरी काम पूर्ण. पिस्टल मापाला मनाजोगं काडतूस मिळालं ते हे. एआरडीईनेही आपल्या आखूड जेव्हीपीसी कार्बाइनसाठी 5.56 गुणिले 30 मिलिमीटरचं लहान काडतूस निवडलं. ही कार्बाइनही वायूवरच चालते. नळी कापण्याआधी काडतुसाचा विचार करणं, हा मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा धडा वाटतो.

कायद्याची गोष्ट अजून चालूच आहे. 2012 मध्ये हाताला आधार देणारा ब्रेस आला. तो मुळात अपंग माजी सैनिकाच्या सोयीसाठी होता, पण लोक तो खांद्याला टेकवू लागले. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकी शस्त्र विभागाने अशा बहुतेक पिस्तुलांना आखूड रायफल ठरवणारा नियम काढला, आणि जून 2024 मध्ये टेक्सासमधल्या संघराज्यीय न्यायालयाने तो रद्द केला. 2025 च्या कायद्याने आखूड रायफलींवरचा 200 डॉलरचा कर 1 जानेवारी 2026 पासून शून्यावर आणला. नोंदणी कायम ठेवली. भारतात हा विषय हौसेपर्यंत पोचतच नाही. शस्त्र कायदा, 1959 चं कलम 5 परवान्याशिवाय शस्त्र बनवायला किंवा बदलायला मनाई करतं, आणि कलम 6 तर बंदुकीची नळी आखूड करण्यासाठीच स्वतंत्र परवाना मागतं.